पांढरीचं दावं

"तितं नका ठोकू ताई, तितं तिला..." म्हणत भिमाजी पुढं झाला आणि वाक्य अर्ध्यातच गिळून मागं सरला. 'दुखतं' म्हणणार होता. फायबरच्या होडीला दुखतं, असं परमुलखातल्या बाईसमोर बोलायचं म्हणजे आपल्याच हातानं आपल्याला येड्यात काढायचं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली.

विनया चोगले होडीच्या पोटाखाली उकिडवी बसली होती. हर्णैची बाई. वय चाळिशीच्या आसपास, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, हातात लाकडी हातोडी. बुडाला हलकेच ठोका द्यायची, कान लावायची, सरकायची. आवाज ठणठणीत आला की पुढं, जरा भद्द वाटला की तिथं खडूनं फुली. एकेक फुली भिमाजी मनात मोजत होता.

बैल पारखणारी माणसं त्यानं जन्मभर बघितली होती. दात बघायचे, खूर उचलायचा, शेपटीला हिसडा द्यायचा, चार पावलं चालवून बघायचा. हे त्यातलंच काहीतरी चाललंय, एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं. फरक एवढाच, की बाजारात तो कायम पारखणाऱ्याच्या बाजूला उभा असायचा. आज जनावर त्याचं होतं.

तसं म्हटलं तर त्याचं कुठलं? होडी बिभीषणआबांची. आबा गेल्या वर्षी गेले तेव्हापासून त्यांच्या मुलाची, पार्थची. भिमाजी आबांच्या मळ्यावरचा जुना राखणदार, बाजूलाच त्याचं घर. भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, कर्जत तालुक्याच्या पार टोकाला हा मळा. पार्थ राहतो पुण्याला. त्यानं मळा विकायला काढला होता आणि होडी ठेवलेलं हे शेड रिकामं करून द्यायचं होतं. काल भंगारवाला येऊन बघून गेला. बोलायला गडी मोठा गोड. म्हणाला, दोन्ही इंजिनं काढू, एक खडीच्या क्रशरला जाईल, एक वीटभट्टीला. उरलेलं धड कटरनं कापून नेऊ, तुम्ही काही काळजी करू नका साहेब. उद्या सकाळी येतो म्हणून सांगून गेला.

म्हणजे आज ही बाई हो म्हणाली तर होडी समुद्राला जाणार. नाही म्हणाली तर उद्या तिचे तुकडे. मधला रस्ता नव्हता.

होडीचं कागदावरचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. ते गावातल्या कुणाच्याच जिभेवर ठरेना, म्हणून भिमाजीनं तिला पांढरी म्हणायला सुरुवात केली. दुभत्या गाईला म्हणावं तसं. मग सगळं गावच म्हणायला लागलं.

आता कुणीही शहाणा विचारील, की बाबांनो, समुद्रात हिंडायची होडी मुंबईला घेतली, तर ती मुंबईलाच का नाही ठेवली? बरोबर आहे. पण आमच्याकडची रीत अशी, की घेतलेली वस्तू दारात आणून, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय ती आपली होत नाही. बैल असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर नवी सून असो. आबांनी त्याच न्यायानं ती बत्तीस फुटी होडी लांबलचक ट्रेलरवर चढवली, घाट चढवून आणली आणि ज्वारीच्या रानातून मळ्यापर्यंत ओढत नेली. चार दिवस ठेवू, लोकांना दाखवू, पूजा करू आणि परत नेऊ, असा त्यांचा बेत. बेत करायला कुणाच्या बापाचं काय जातं?

ती आली तो दिवस भिमाजी मरेपर्यंत विसरणार नव्हता. आधी रस्त्यावरची पोरं ओरडत आली. मग ज्वारीच्या कणसांवरून एक पांढरं काहीतरी सरकत येताना दिसलं, एवढं मोठं, की त्याला वाटलं देऊळच चालत येतंय. माणसं बांबूंनी विजेच्या तारा उचलून धरत होती. भीमेच्या पात्रात काहिलीत बसून पलीकडं गेलेला माणूस तो. होडी म्हणजे गुळाच्या काहिलीची थोरली बहीण, एवढाच त्याचा अंदाज. ही तर दोन खोल्यांचं घर होती. त्या घराला धार होती. बुड खाली निमुळतं होत होत नांगराच्या फाळासारखं पुढं गेलेलं. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं वहाणा काढल्या.

त्याची बायको रंगुबाई आरतीचं ताट घेऊन पुढं झाली आणि अडली. हळदकुंकू लावायचं खरं, पण हिचं कपाळ कुठलं? बायका हसायला लागल्या. आबांनी सांगितलं, जिथनं ती पाणी कापते ते तिचं कपाळ. मग रंगुबाईनं टाचा उंचावून त्या धारेवर बोटं टेकवली.

लोक पांगल्यावर आबांनी भिमाजीला वर घेतलं. आत बघतो तर दोन बिछाने, चहापुरती शेगडी, हात धुवायला नळ, भाकरीएवढ्या गोल खिडक्या. सुकाणूच्या समोर काचेच्या वाटीत पाण्यावर तरंगणारी एक चकती होती. आबा म्हणाले, हे होकायंत्र, होडी कुठंबी वळू दे, ह्ये वळत न्हाई. भिमाजीनं त्या दिवसापासून कितीदा तरी गुपचूप वर जाऊन बघितलं असेल. सकाळी बघावं, दुपारी बघावं, चकती उत्तरेकडं तोंड करून बसलेली. घरातलं एक माणूस एवढं जागेवर टिकत नाही, असं तो रंगुबाईला म्हणायचा आणि शिव्या खायचा.

त्याच दिवशी आबांनी सुकाणूवर हात ठेवून त्याला सांगितलं, "भिमाजी, मुंबईपास्नं गोव्यापत्तुर काठाकाठानं जायाचं. सुकानू मी धरतो. दोर तू सांबाळायचा."

भिमाजीनं समुद्र बघितला नव्हता. जन्मात बघायला मिळेल असंही कधी वाटलं नव्हतं, आणि इथं तर त्याला काम नेमून दिलं होतं. होडीच्या तोंडाशी एक खण होता, त्यात मनगटाएवढा जाड दोर वेटोळं घालून ठेवलेला. होडी मुंबईला समुद्रात असताना धक्क्याला बांधायचा तो दोर. भिमाजीनं तो त्या दिवशी हातानं नुसता चाचपला आणि खण लावला. नंतर कैकदा मळ्यात दोराची नड लागली, ट्रॅक्टर रुतला, बैलगाडी कलंडली, पण त्या खणाला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही.

पुढं काय झालं ते सगळ्यांच्याच बाबतीत झालं. परत न्यायला आधी ट्रेलर मिळेना, मग घाटात काम निघालं, मग ती रोगाची साथ आली आणि रस्तेच बंद झाले. रस्ते उघडले तेव्हा आबांचं एक अंग गेलं होतं. खाटेवरून त्यांना शेडचं दार दिसायचं. पांढरी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली ती राहिलीच.

राखण मात्र भिमाजीनं सोडली नाही. इंजिनं दोन का, हे आबांनी त्याला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. भर दर्यात एक बंद पडलं, तर दुसरं घरी आणतं. यात समजावण्यासारखं काय होतं? ही तर जोडी झाली. उजवीकडच्याला तो उजव्या म्हणायचा, डावीकडच्याला डाव्या. मिस्तरीनं शिकवलेलं त्यानं पक्कं लक्षात ठेवलं. दर अमावास्येला इंजिनं तापू नयेत म्हणून पाण्याला विहिरीवरच्या मोटारीचा पाइप जोडायचा आणि दोघांनाही सारखाच वेळ चालवायचा. उजव्या एका हाकेत उठायचा. डाव्या पहिल्यापासून आळशी, खोकून खोकून चालू व्हायचा.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी भिमाजी त्यांची खांदेमळणी करायचा. त्याच्या स्वतःच्या दावणीला आता बैल नव्हता. जोडीतला एक साप चावून गेला, तेव्हा उरलेला त्यानं काष्टीच्या बाजारात एका दलालाच्या हाती दिला. तो पुढं कुणाच्या दावणीला गेला, त्याचं काय झालं, हे त्याला कधीच कळलं नाही आणि ते एक त्याच्या मनाला कायमचं लागून राहिलं होतं. दोघांची दावी तेवढी गोठ्यात खुंटीला टांगलेली. पोळा आला की रिकाम्या गोठ्यात त्याला बसवेना. मग हळद कालवलेलं कोमट तूप घेऊन तो पांढरीत उतरायचा आणि दोन्ही इंजिनांचे खांदे मळायचा. त्याच्या मते खांदे म्हणजे जिथं इंजिन होडीला जखडलेलं असतं ती जागा.

विनया बुडाखालून निघाली, हात झटकले आणि शिडी चढून इंजिनाच्या खणात उतरली. बॅटरीचा उजेड खाली हलायला लागला. पार्थ शेडच्या दारातच मोबाईल घेऊन उभा होता. आबा गेल्यापासून त्यानं त्या शिडीवर पाय ठेवला नव्हता. भिमाजी वर जाऊन खणाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसला.

उजव्या एका हाकेत उठला. भिमाजीला छाती फुगवावीशी वाटली. डाव्यानं हूं की चूं केलं नाही. दोन वर्षं झाली, तो उठतच नव्हता. भिमाजीनं मनाशी धरलं होतं, की म्हातारा झाला असंल.

"काका, हे पिवळं काय आहे?" खालून विनयानं विचारलं.

भिमाजीनं पार्थकडं बघितलं, मग खाली बघितलं. खोटं बोलायला जीभ वळेना.

"हळद हाय ताई. हळद आन तूप. खांदेमळणी केल्ती."

खांदेमळणी म्हणजे काय, ते तिला सांगावं लागलं. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे सुजून आलेले असतात, ते पोळ्याच्या आदल्या दिवशी मळतात, हे तो सांगत असताना दारातून पार्थचा आवाज आला, की भिमाजीतात्या, अहो इंजिनाला तूप? काय हे? विनयानं हात वर करून त्याला थांबवलं.

"उजव्याला थोडं आहे, डाव्याला इतकं का?"

"त्यो दुबळा हुता," भिमाजी म्हणाला. "दुबळ्याला वाईच जास्ती घालावं लागतं."

मग विनयाचा हात वर आला, त्यात वायरींचा एक झुपका. रंगीत सालं कुरतडलेली, आतल्या तारा उघड्या. मागोमाग तिनं उंदराच्या लेंड्या आणि चिंध्यांचं एक घरटं काढून फळीवर ठेवलं. समजावून सांगायची गरज नव्हती. तुपाच्या वासानं उंदीर आले होते, आणि जिथं तूप जास्त तिथं जास्त आले होते.

भिमाजीनं ते घरटं हातात घेतलं. दोन वर्षं ज्याला म्हातारा समजत होता, त्याला त्यानंच जायबंदी करून ठेवलं होतं. तेही मायेनं, स्वतःच्या हातानं, घरच्यांच्या तोंडचं तूप काढून. तो शिडीवरून खाली उतरला आणि ठोकळ्यापाशी जाऊन बसला. त्याच्या मते व्यवहार तिथंच मोडला होता. उद्या सकाळी कटर येणार, आणि त्याचं पाप दुसऱ्या कुणाच्या माथ्यावर नव्हतं.

रंगुबाई चहा घेऊन आली. विनया खाली उतरली, तिनं कप घेतला आणि भिमाजीच्या शेजारीच जमिनीवर बैठक मारली. पार्थला तिनं आपलं गणित मोकळेपणानं सांगितलं. हर्णैपासून मालवणपर्यंत माणसांना दोन-तीन दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवून आणायचं, रात्री खाडीत नांगर टाकायचा, होडीतच झोपायचं, असा तिचा धंदा ठरलेला. तेवढ्यासाठी केबिन पाहिजे आणि इंजिनं दोन पाहिजेत, कारण खडकांच्या बाजूनं जाताना एकाच्या भरवशावर ती परक्याची लेकरं नेणार नव्हती. दोन होड्या बघून झाल्या. मुंबईची दिसायला नवरीसारखी, पण एक इंजिन नवं आणि एक म्हातारं, दोन्ही एकमेकांना ओढणारी. गोव्याच्या होडीच्या बुडाला पाण्यात राहून राहून फोड आलेले.

"मोडकी जोडी न्हाई घ्यावी," भिमाजी मान खाली घालूनच म्हणाला. त्याला स्वतःच्याच मालाविरुद्ध बोलल्यासारखं झालं.

विनयानं चहा संपवला, गाडीतून एक लांब दांडी आणली आणि पुन्हा खणात उतरली. डाव्याच्या पोटात कुठंतरी दांडी अडकवून तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. भिमाजी खाली बसल्या जागेवरून कान देऊन होता. आत काहीतरी जड, तेलकट, सावकाश फिरल्याचा आवाज आला. ती दांडी सोडून पुन्हा बुडाखाली आली, ओल मोजायचं एक चिमुकलं यंत्र फुल्यांच्या जागी टेकवत गेली आणि टेकवता टेकवता हसायला लागली. बुड आतपर्यंत वाळलेलं होतं, खडखडीत. फुल्यांच्या जागा वरवरच्या निघाल्या. एवढी वर्षं इतक्या कोरड्या हवेत सुकलेली होडी किनाऱ्यावर शोधून सापडायची नाही, असं ती पार्थला म्हणाली. आमच्या दुष्काळी हवेनं आजवर कुणाचं भलं केल्याचं ऐकिवात नव्हतं. केलं ते एका होडीचं.

"इंजिन जिवंत आहे, काका," ती भिमाजीकडं वळून म्हणाली. "वायरी काय, नव्या घालता येतात."

राशीनहून वायरमन बोलावला. तो आणि विनया दोघं दुपारभर खणात डोकी घालून बसले. पार्थनं दोनदा भंगारवाल्याचा फोन घेतला आणि दोनदा नंतर बोलतो म्हणून ठेवला. भिमाजीनं मोटारीचे पाइप जोडले, बादलीभर पाण्यानं आणि कपडे धुवायच्या सोड्यानं दोन्ही इंजिनांवरची हळद घासून काढली. घासताना तो डाव्याशी काहीतरी पुटपुटत होता. काय, ते वायरमननं ऐकलं असेल, पण तो चांगल्या घरचा, त्यानं कुठं सांगितलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा विनयानं भिमाजीला सुकाणूपाशी उभं केलं. आधी उजव्या उठला. मग तिनं दुसरी किल्ली फिरवली. डाव्या खोकला, गप्प झाला, पुन्हा खोकला. भिमाजीचे ओठ हलत होते. आणि तो उठला. क्षणभर दोघं आपापल्या चालीनं धडधडले, मग विनयानं सुकाणूजवळचे वेगाचे दांडे जरासे मागंपुढं केले आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून एकच झाला. पायाखालची फळी त्या एका आवाजात थरथरत होती, काचेच्या वाटीतली चकती थरथरत होती. एवढं मोठं, एवढं पांढरं जनावर एका दमात श्वास घेत होतं. भिमाजीनं जन्मात पुष्कळ जोड्या हाकल्या, पण अशी ताकद पायाखाली त्याला कधी लागली नव्हती. त्यानं हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

विनयानं त्याला दोन दांडे दाखवले. एक पुढं, एक मागं केला की होडी जागच्या जागी वळते. ते तर त्याला पाठ होतं, खळ्यावर मळणी करताना तिवड्याच्या खांबाजवळचा बैल जागेवरच फिरतो आणि कडेचा पळतो. त्याला विचारायचं होतं ते वेगळंच.

"ताई, समुद्रात पल्याडचा काठ दिसतो का?"

"नाही."

"आमच्या फुगवट्यात दिसतो. भिगवनचं दिवं दिसत्यात."

"तिथं नाही दिसत, काका. आपलाच काठ मागे दिसतो, तो धरून चालायचं. पुढे नुसतं पाणी."

नुसतं पाणी. भिमाजी गोल खिडकीतून बाहेर बघत होता, बाहेर तुरीचं पिवळं रान होतं. कुठंच संपत नाही एवढं पाणी, आणि ते प्यायलाही येत नाही. देवानं कशासाठी केलं असंल? त्याची मती गुंग झाली.

मग त्यानं दुसरं विचारलं, बैल देताना घर विचारावं तसं. तिच्या घरी हिला कोण बघणार? ती म्हणाली, मीच; मीच चालवणार, पावसाळ्यात ओढून वर घेणार, वरून शाकारणार. आणि नारळी पुनवेला नाळेवर, होडीच्या तोंडावर, हळदकुंकू आम्हीही लावतो, तूप तेवढं नारळीभातावर घेतो. हे ऐकून भिमाजी दिवसात पहिल्यांदा हसला. खाली उतरून विनयानं पार्थला सांगितलं, घेते मी. किमतीचं काय ते त्या दोघांनी आंब्याखाली बसून मिटवलं, आणि पार्थनं भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ट्रेलर आला. पांढरी ठोकळ्यांवरून उचलून ट्रेलरवर ठेवायला क्रेन, जॅक, निम्मं गाव. रंगुबाई ताट घेऊन आली. तिला आता विचारावं लागलं नाही, टाचा उंचावून तिनं बरोबर धारेवर बोटं टेकवली आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. विनया सामान मोजून घेत होती, नांगर, शेगडी, अंगात घालायची तरंगती जाकिटं. खणातला दोर तिनं उचलला आणि भिमाजीनं दुसरं टोक धरलं.

"दावं मिळायचं न्हाई, ताई."

एवढ्या वर्षांत कुणाला नाही म्हणताना भिमाजीचा असा आवाज गावानं ऐकला नव्हता. पार्थ गडबडला, म्हणाला तात्या, सगळं दिलं आणि दोरावर काय अडवता? पण भिमाजीनं सोडला नाही. जनावर इकलं तरी दावं मालकाच्या घरी राहतं, त्याच्यासंगं घरची बरकत जाऊ द्यायची नसते. घेणाऱ्यानं आपलं दावं आपण आणायचं, असं त्यानं शांतपणानं सांगितलं. विनयानं एकदा त्याच्याकडं बघितलं, हातातलं टोक सोडलं आणि गाडीतून स्वतःचा नवा हिरवा दोर काढून पांढरीच्या तोंडाशी बांधला. गाठ तिनं त्याच्यासमोर दोनदा ओढून बघितली.

"आता तुमची झाली," भिमाजी म्हणाला.

निघताना ती गाडीतून पुन्हा खाली उतरली. "काका, पहिल्या फेरीला या. गोव्यापर्यंत नेईन. दोर तुम्हीच सांभाळा."

रंगुबाईनं झटकन नवऱ्याकडं बघितलं. झोपेतसुद्धा हा माणूस कुठं निघालेला असायचा, ते तिला ठाऊक होतं. भिमाजीनं पांढरीकडं बघितलं.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "इकल्यालं जनावर वळख देतं. जुन्या मालकाला बघितलं की नव्या घरी रमत न्हाई. तुमी न्या तिला."

विनयानं आग्रह केला नाही. वाकून नमस्कार केला आणि निघाली. ट्रेलर ज्वारीतून गेला, बराच वेळ पिकावरून पांढरी केबिन तेवढी सरकताना दिसत होती, मग रस्ता वळला. पार्थ रिकाम्या शेडमध्ये शिरला आणि ठोकळ्यांच्या मधल्या जागेत, जिथं आबा खुर्ची टाकून बसायचे, तिथं उभा राहिला. भिमाजीनं दोर त्याच्यापुढं धरला. दावं तुमच्या घरचं, म्हणाला. पार्थनं तो हातात घेतला आणि परत भिमाजीच्या खांद्यावर टाकला.

"माझ्या फ्लॅटात खुंटी कुठंय, तात्या? आबांनी तुम्हालाच सांभाळायला सांगितला होता ना?"

घरी येऊन भिमाजीनं गोठ्यातल्या खुंटीवर, दोन जुन्या दाव्यांच्या शेजारी, तो दोर टांगला. ताठ झालेला, पीळ न पीळ कडक, टांगताना तळहाताला बारीक पांढरी भुकटी लागली. त्यानं ती बोटानं चोळली आणि सहज जिभेला लावली.

मग त्यानं रंगुबाईला हाक मारली. ती चुलीपुढून उठून आली, हाताला पीठ. त्यानं बोट पुढं केलं. तिनं चव घेतली आणि म्हणाली, तुमच्या हाताचा घाम असंल.

त्यानं धोतराला हात पुसले, खुंटीवरून दोराचं टोक काढलं आणि तेच तिच्यापुढं धरलं.

रंगुबाईनं ते जिभेला लावलं. मग देवळात शिरताना घ्यावा तसा डोक्यावरून पदर घेतला.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "खारट हाय."